कंपनीच्या संघाचा सेंटर फॉरवर्ड

पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत ‘कंपनीची टीम’ म्हणजे काय, हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. सेकंड शिफ्टवाल्याशी पाळी बदलून मैदान गाठायचं, छातीवर कंपनीचं नाव असलेला टी-शर्ट चढवायचा, जिंकलो तर नोटीस बोर्डावर फोटो आणि हरलो तर सोमवारी मशीनवर चेष्टा. आपल्या पट्ट्यात हे बहुतेक क्रिकेटचं, थोडंफार कबड्डी-व्हॉलीबॉलचं. फुटबॉलशी आपण याचं नातं सहसा जोडत नाही. पण हा औद्योगिक पट्टा नीट उभाही राहिला नव्हता, १९५४ साली पिंपरीत स्थापन झालेली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स अजून नवीकोरी होती, त्या काळात मुंबईच्या कंपनी-फुटबॉलमधून एक सेंटर फॉरवर्ड ऑलिम्पिकला गेला आणि एका सामन्यात तीन गोल करून परतला. ऑलिम्पिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारा तो पहिला आशियाई. त्याचं नाव नेव्हिल स्टीफन डिसोझा. आज आपल्याकडच्या दहा फुटबॉलवेड्या पोरांना हे नाव विचारा, नऊ जण मान हलवतील. याच पोरांना इंग्लंडमधले निवृत्त झालेले फॉरवर्ड गोलसंख्येसकट पाठ असतात. याचं मला मनापासून वाईट वाटतं, म्हणून हा लेख.

नेव्हिलचा जन्म ३ सप्टेंबर १९३२ चा. घराणं मूळचं बार्देशातल्या आसगावचं. गोव्यातून पोटापाण्यासाठी मुंबईत आलेल्या ख्रिस्ती समाजाने आपापल्या गावांच्या नावाचे क्लब काढले होते. त्यांना कूड म्हणतात. बोटीवर नोकरी धरणारा खलाशी, हॉटेलात काम शोधणारा आचारी, बँडमध्ये वाजवणारा वादक, सगळ्यांची मुंबईतली पहिली पथारी गावच्या कुडीत पडायची. त्या समाजाने मुंबईला जे काही दिलं, त्यात संगीत आणि पाव यांची आठवण सगळे काढतात. फुटबॉल मात्र राहून जातो. धोबीतलाव, माझगाव, वांद्रे इथल्या शाळा आणि चर्चच्या आवारांतून ही मुलं खेळायला शिकली आणि तिथून कूपरेजवर पोचली.

कूपरेज हे तेव्हा पश्चिम भारताच्या फुटबॉलचं घर होतं. रोव्हर्स कप १८९१ मध्ये सुरू झाला तो ब्रिटिश पलटणींच्या संघांसाठी. पुढची पंचेचाळीस वर्षं तो गोऱ्या सोजिरांकडेच राहिला आणि १९३७ मध्ये बंगलोर मुस्लिम्सने पहिल्यांदा तो भारतीयांच्या हाती आणला. दुसरीकडे होती हारवुड लीग. भर पावसाळ्यात, चिखलात. चेंडू चामड्याचा, वाद्यांनी आवळलेला. एकदा भिजला की असा जड व्हायचा की डोकं लावणाऱ्याला कपाळावरची वादीची जागा दुसऱ्या दिवशीही समजायची. या चिखलात जे संघ उतरत, त्यांत टाटा, कॅलटेक्स, बर्मा शेल अशी कंपन्यांची नावं असत. नेव्हिल आधी टाटा स्पोर्ट्स क्लबकडून खेळला, मग कॅलटेक्सकडून.

कंपनीने खेळाडू का ठेवावा, हा प्रश्न आज बाहेरच्या कुणाला पडेल. आपल्या पट्ट्यातल्या माणसाला पडणार नाही. खेळाडूला पगार, नोकरीची शाश्वती आणि सरावापुरती सवलत मिळे. कंपनीला नाव मिळे आणि संध्याकाळी कामगार-कारकून एका बाजूला उभे राहून एकच नाव ओरडत. त्या काळात भारतात उघडपणे व्यावसायिक फुटबॉल नव्हता. खेळून पैसे घेतले तर ऑलिम्पिकचं दार बंद. तेव्हा गरीब किंवा मध्यमवर्गीय घरातल्या मुलाला वयाच्या तिशीपर्यंत खेळत राहायचं तर कुणाच्या तरी हजेरीपटावर नाव असणं भाग होतं. १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकला गेलेल्या भारतीय संघावर नजर टाका. पी. के. बॅनर्जी आणि निखिल नंदी ईस्टर्न रेल्वेचे. गोलकीपर थंगराज लष्कराचा. अझीझुद्दीन, नूर मुहम्मद ही हैदराबाद सिटी पोलिसांची माणसं. दुसरा गोलकीपर एस. एस. नारायण आणि सेंटर फॉरवर्ड नेव्हिल मुंबईचे. आपल्या फुटबॉलचा सुवर्णकाळ म्हणतात तो रेल्वेने, पोलिसांनी, पलटणींनी आणि कंपन्यांनी पोसला. कलकत्त्याच्या मोठ्या क्लबांचं श्रेय मी नाकारत नाही. पण सगळं श्रेय त्यांच्याच पदरात टाकण्याची जी सवय लागली आहे, ती मला पटत नाही.

१९५४ मध्ये मुंबईने सर्व्हिसेसला २-१ असं हरवून पहिल्यांदा संतोष करंडक जिंकला. त्या संघात नेव्हिल होता. बावीस वर्षांचा, उंचापुरा, डोक्याने खेळण्यात वाकबगार. दोन वर्षांनी रहीम साहेबांनी त्याला मेलबर्नला नेलं.

रहीम साहेब म्हणजे भारतीय संघाचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम. पेशाने हैदराबादचे शिक्षक. त्यांनी घडवलेल्या हैदराबाद सिटी पोलिसांच्या संघाने १९५० पासून सलग पाच वर्षं रोव्हर्स कप नेला होता. त्यांच्यापुढचं काम किती अवघड होतं ते आधीच्या दोन ऑलिम्पिकवरून समजतं. १९४८ ला लंडनमध्ये आपली बरीच मुलं अनवाणी खेळली, फ्रान्सकडून १-२ अशी हरली, त्यातही दोन पेनल्टी वाया गेल्या. कौतुक झालं, निकाल बदलला नाही. १९५२ ला हेलसिंकीत तर युगोस्लाव्हियाने १०-१ असा धुव्वा उडवला. थंडीत गारठलेली अनवाणी पावलं आणि समोर युरोपातला पक्का संघ. त्यानंतर बूट सक्तीचे झाले. मेलबर्नला गेलेला संघ बूट घालून खेळणारा, आखणीने खेळणारा संघ होता.

त्या वर्षी बुडापेस्टमध्ये उठाव झाला, सोव्हिएत रणगाड्यांनी तो चिरडला आणि हेलसिंकीचा विजेता हंगेरी फुटबॉलच्या मैदानात आलाच नाही. भारताची पहिली फेरी त्यामुळे न खेळताच पार पडली. उपान्त्यपूर्व फेरीत गाठ होती यजमान ऑस्ट्रेलियाशी. १ डिसेंबर १९५६.

हा सामना कसा गेला ते मिनिटांच्या हिशेबात पाहायला हवं. नवव्या मिनिटाला नेव्हिलने पहिला गोल केला. सतराव्या मिनिटाला ब्रूस मॉरोने बरोबरी साधली. तेहेतिसाव्या मिनिटाला पुन्हा नेव्हिल. एक्केचाळिसाव्या मिनिटाला पुन्हा मॉरो. मध्यंतराला २-२. दोन वेळा आघाडी घेऊन दोन्ही वेळा ती गमावलेला संघ, परका देश, यजमानांचे प्रेक्षक. आपल्या संघांच्या तोंडचं पाणी अशा वेळी पळतं, हे आपण पुढे कितीदा तरी पाहिलं. इथे ते झालं नाही. उत्तरार्ध सुरू होऊन पाच मिनिटं होतात न होतात तोच नेव्हिलने तिसरा गोल मारला. ऐंशीव्या मिनिटाला किट्टूने चौथा घातला. ४-२.

सेंटर फॉरवर्डचं काम काय, याचा हा धडाच आहे. मागचे दहा जण जे काही रचतात ते शेवटच्या पावलावर याने पुरं करायचं. चुकला तर दोष त्याचा. आघाडी गेली तर परत मिळवायची जबाबदारीही त्याची. नेव्हिलचे तिन्ही गोल संघाला पुढे नेणारे होते. निकाल ठरून गेल्यावर, शेवटच्या पाच मिनिटांत, दमलेल्या बचावाविरुद्ध मारलेला त्यातला एकही नव्हता. नुसतं ‘हॅटट्रिक’ म्हटलं की हा फरक झाकला जातो.

चार डिसेंबरला उपान्त्य फेरीत पुन्हा तोच युगोस्लाव्हिया. चार वर्षांपूर्वी दहा गोल चढवणारा. मध्यंतरापर्यंत गोलफलक कोरा राहिला. बावन्नाव्या मिनिटाला नेव्हिलने गोल केला आणि भारत ऑलिम्पिकच्या उपान्त्य सामन्यात आघाडीवर आला. ती आघाडी दोन मिनिटं टिकली. पापेचने बरोबरी केली, वेसेलिनोविचने पुढचा मारला, पापेचने आणखी एक, आणि अखेरीस आपल्याच सलामकडून चेंडू आपल्याच जाळ्यात गेला. ४-१. सात डिसेंबरला कांस्यपदकाच्या सामन्यात बल्गेरियाने ३-० असं हरवलं. भारत चौथा. ऑलिम्पिक फुटबॉलमध्ये उपान्त्य फेरी गाठणारा पहिला आशियाई देश. स्पर्धेत सर्वाधिक, प्रत्येकी चार गोल करणारे तिघे: युगोस्लाव्हियाचा वेसेलिनोविच, बल्गेरियाचा मिलानोव आणि मुंबईचा नेव्हिल. घरी परतण्याआधी सिडनीत ऑस्ट्रेलियाशी मैत्रीचा सामना झाला. तोही भारताने ७-१ असा जिंकला. उपान्त्यपूर्व फेरीतला विजय नशिबाचा होता असं म्हणायला जागाच उरली नाही.

मग हे नाव आपल्या मनात का रुजलं नाही? तारखा समोर ठेवल्या की अर्धं उत्तर मिळतं. मुंबईवर त्या वर्षी दुसरीच सावली होती. आदल्या नोव्हेंबरात फ्लोरा फाउंटनला गोळीबार होऊन माणसं पडली होती. १ नोव्हेंबर १९५६ ला द्वैभाषिक राज्य आलं आणि संयुक्त महाराष्ट्राचा लढा आणखी पेटला. सहा डिसेंबरला मेलबर्नमध्येच हॉकी संघाने पाकिस्तानला १-० असं हरवून सुवर्णपदक पटकावलं. देशाला त्या ऑलिम्पिकमधून तेवढंच हवं होतं आणि तेवढंच लक्षात राहिलं. आणि त्याच सहा डिसेंबरच्या पहाटे दिल्लीत बाबासाहेब आंबेडकरांचं महापरिनिर्वाण झालं. सात तारखेला, मेलबर्नला कांस्यपदकाचा सामना झाला त्याच दिवशी, मुंबईत दादरच्या चौपाटीवर बाबासाहेबांना निरोप द्यायला लाखो माणसं लोटली होती. महाराष्ट्राच्या काळजावर एवढा मोठा घाव बसला असताना दूरदेशीचा फुटबॉलचा चौथा क्रमांक कुणी मनात धरला नाही, यात कुणाचा दोष नाही.

उरलेलं अर्धं उत्तर मात्र तारखांत नाही. नेव्हिल ज्या आसगावचा, ते आसगाव १९५६ साली भारतात नव्हतंच. आदल्या वर्षी १५ ऑगस्टला गोव्यात शिरणाऱ्या निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीज शिपायांनी गोळ्या झाडल्या होत्या, त्यात महाराष्ट्रातून गेलेले कितीतरी जण होते. सरहद्द बंद झाली होती. ज्या गावावर अजून सालाझारचा अंमल होता, त्या गावचा मुलगा भारताची जर्सी घालून गोल मारत होता. गोवा मुक्त झाला १९ डिसेंबर १९६१ ला. तोवर नेव्हिलचं खेळणं उतरणीला लागलं होतं. पुढे महाराष्ट्राने त्याला गोव्याचा समजलं, गोव्याने मुंबईचा, आणि बंगालच्या फुटबॉलप्रेमींच्या लेखी तर तो कलकत्त्याच्या कुठल्याच बड्या क्लबाचा नव्हता. ज्याला हक्काने आपला म्हणणारा मोठा क्लब नाही, त्याची आठवण राखणार कोण?

इथे एका इंग्रज फॉरवर्डची गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही, कारण ती नेव्हिलच्या गोष्टीशी त्याच मैदानावर, त्याच आठवड्यात येऊन मिळते. जिम लुईस त्याचं नाव. लंडनच्या हॅकनीचा. नोकरी थर्मासच्या कंपनीत, फिरत्या विक्रेत्याची. आठवडाभर थर्मास विकायचे आणि शनिवारी चेल्सीकडून खेळायचं, तेही एक पै न घेता. १९५५ मध्ये चेल्सीने पहिल्यांदा इंग्लंडची लीग जिंकली. त्या संघाचे मॅनेजर टेड ड्रेक, स्वतः आर्सेनलचे एके काळचे जबरदस्त फॉरवर्ड. त्या हंगामात लुईसने सहा गोल केले. पण तो हौशी खेळाडू असल्यामुळे त्याला विजेतेपदाचं पदक घेता येईना. क्लबने त्याऐवजी मानपत्र दिलं. त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या व्यावसायिकांची स्थितीही फार वेगळी नव्हती. इंग्लंडमध्ये तेव्हा खेळाडूच्या पगारावर कमाल मर्यादा होती, आठवड्याला पंधरा पौंडांच्या आसपास. ती मर्यादा १९६१ च्या जानेवारीत उठली, जिमी हिल नावाच्या फुलहॅमच्या फॉरवर्डने संपाची तयारी करून संघटना लढवली तेव्हा. त्यानंतर फुलहॅमच्याच जॉनी हेन्सला आठवड्याला शंभर पौंड मिळू लागले. इंग्रज फॉरवर्डच्या श्रीमंतीची आजची कहाणी तिथून सुरू होते.

लुईस मेलबर्नला ब्रिटनच्या हौशी संघात होता. ३० नोव्हेंबरला, नेव्हिलच्या हॅटट्रिकच्या आदल्याच दिवशी, ब्रिटनला बल्गेरियाने ६-१ असं लोळवलं. ब्रिटनचा एकुलता एक गोल लुईसचा. बल्गेरियाकडून मिलानोवने तीन मारले. आता या तिघांकडे पाहा. तिघेही नियमाने ‘हौशी’. मिलानोव सोफियातल्या लष्कराच्या क्लबाचा, लुईस थर्मास विकणारा, नेव्हिल कंपनीच्या संघातला. बल्गेरिया, युगोस्लाव्हिया, सोव्हिएत संघ, पदकं नेणारे तिन्ही देश असे होते की तिथे खेळाडूला सरकार सांभाळत असे आणि तो दिवसभर फक्त खेळत असे. आपल्या खेळाडूला कंपनी किंवा खातं सांभाळत होतं. तेवढ्या बळावर भारत चौथा आला आणि ज्यांनी हा खेळ जगाला शिकवला ते ब्रिटनवाले आपल्या मागे राहिले. कंपनी-फुटबॉलला कुणी दुय्यम म्हटलं की मला हा निकाल आठवतो.

मेलबर्ननंतर दोन वर्षांनी नेव्हिलच्या कॅलटेक्सने रोव्हर्स कप जिंकला. अंतिम सामन्यात मोहमेडन स्पोर्टिंगसारख्या कलकत्त्याच्या मातब्बर संघाला ३-२ असं नमवून. कूपरेजवर कलकत्ता आणि हैदराबादचे संघ येत आणि कप घेऊन जात, ही तेव्हाची रीत. एका तेल कंपनीच्या संघाने ती मोडली. नेव्हिलचा भाऊ डेरेक हाही त्या काळातला नावाजलेला खेळाडू. १९६० च्या रोम ऑलिम्पिकला भारत गेला तेव्हा संघात नेव्हिल नव्हता. १९६२ ला जाकार्तात रहीम साहेबांच्या संघाने आशियाई सुवर्ण जिंकलं, तेव्हाही नव्हता. रहीम साहेब पुढच्याच वर्षी गेले. भारत रोमनंतर ऑलिम्पिक फुटबॉलला कधीच पात्र ठरला नाही, म्हणून नेव्हिलच्या त्या तीन गोलांशी तुलना करायची संधीही पुढच्या कुणाला मिळाली नाही. अर्जुन पुरस्कार १९६१ पासून सुरू झाले. फुटबॉलमधला पहिला पी. के. बॅनर्जींना मिळाला, आणि तो योग्यच होता. नेव्हिलला तो कधीच मिळाला नाही. १६ मार्च १९८० ला तो गेला. वय सत्तेचाळीस.

त्याच्या आधीच त्याचा क्लब ज्या कंपनीचा होता ती कंपनीही त्या नावाने उरली नव्हती. १९७६ च्या अखेरीस कॅलटेक्सच्या भारतातल्या कारभाराचं राष्ट्रीयीकरण झालं आणि पुढे तो हिंदुस्तान पेट्रोलियममध्ये विलीन झाला. क्लब खेळाडूची आठवण ठेवतो ती भिंतीवरच्या फोटोंत, जुन्या सभासदांच्या गप्पांत, वर्षातून एकदा भरणाऱ्या मेळाव्यात. कंपनीच्या संघाची भिंत कंपनीबरोबर जाते. पाटी बदलते, ऑफिस हलतं, ट्रॉफ्या खोक्यात भरल्या जातात. कंपनी-फुटबॉलची ही सगळ्यात कच्ची बाजू होती आणि नेव्हिलला तिची किंमत मोजावी लागली. लुईसला हे भोगावं लागलं नाही. २०११ मध्ये तो गेला तोवर चेल्सीच्या १९५५ च्या संघातला गडी म्हणून त्याचं नाव क्लबाच्या इतिहासात पक्कं बसलं होतं, कारण चेल्सी तिथेच होती.

आपल्या पट्ट्याशी याचा संबंध शेवटी येतो तो २०१० साली. मुंबईच्या कंपनी-फुटबॉलमधलं शेवटचं मोठं नाव महिंद्र युनायटेड. २००५-०६ चा राष्ट्रीय लीग विजेता संघ. तो २०१० मध्ये बंद झाला. त्याच वर्षी महिंद्रचा चाकणचा वाहन कारखाना सुरू झाला. या दोन गोष्टींचा एकमेकींशी कार्यकारण संबंध आहे असं मी म्हणत नाही. कंपन्यांनी खेळाडू नोकरीला ठेवण्याचा काळ देशभरच संपत आला होता. हजेरीपटाच्या जागी करार आले, कायम कामगाराच्या जागी कंत्राटी, आणि खेळाडूच्या नोकरीला जागाच राहिली नाही. बालेवाडीत २०१४ मध्ये एफसी पुणे सिटी आला. त्रेझेगेसारखा जगज्जेता फ्रेंच फॉरवर्ड तिथे खेळला, इंग्लंडचे डेव्हिड प्लॅट प्रशिक्षक होऊन आले. वाकड-हिंजवडीची पोरं तिकिटं काढून गेली. २०१९ मध्ये तोही क्लब बंद झाला. पैसा आला तसा गेला. नेव्हिलच्या काळी निदान सामना संपल्यावर खेळाडूला दुसऱ्या दिवशी जायला नोकरी तरी होती.

वांद्र्याला मुंबई फुटबॉल संघटनेचं एक मैदान आहे. त्याला नेव्हिल डिसोझाचं नाव दिलेलं आहे. पिंपरी-चिंचवडमध्ये पालिकेची मैदानं आहेत, कंपन्यांची मैदानं आहेत, दर वर्षी आंतरकंपनी स्पर्धा भरतात. त्यांतल्या एखाद्या फुटबॉल स्पर्धेच्या करंडकावर त्याचं नाव यावं, आणि करंडकाखालच्या पट्टीवर मेलबर्न, १ डिसेंबर १९५६, मिनिटं ९, ३३, ५० एवढं कोरलेलं असावं, अशी माझी कळकळीची मागणी आहे. त्याला मोठा निधी लागत नाही. कुठल्याही कंपनीच्या स्पोर्ट्स कमिटीला एका बैठकीत ते ठरवता येईल.